पाळी, रोटेशन, शिफ्ट : हडपसरचा एक शब्दवृत्तान्त

आळंदीची आणि देहूची अशा दोन्ही पालख्या पुण्यातला मुक्काम आटोपून एकाच सकाळी निघतात आणि हडपसरला त्यांच्या वाटा फुटतात. ज्ञानोबांची पालखी उजवीकडे वळून दिवे घाटाने सासवडला जाते, तुकोबांची सोलापूर रस्त्याने सरळ लोणी काळभोरला. वारी म्हटली की आपल्या मनात पंढरपूर उभे राहते. पण ‘वारी’ या शब्दात पंढरपूर नाही, विठ्ठल नाही, चालणेही नाही. त्यात आहे ते फक्त पुन्हा येणे. संस्कृत ‘वार’ म्हणजे खेप, क्रमाने आलेली वेळ. सोमवार-मंगळवारातला वार तोच आणि ‘वारंवार’ या शब्दात जोडीने बसलेला वारही तोच. एकदा पंढरपूरला जाऊन आलेला माणूस यात्रेकरू. जो पुन्हा पुन्हा जातो, तो वारकरी. म्हणजे एका संप्रदायाने आपले नाव देवावरून घेतले नाही, गुरूवरून घेतले नाही, ते घेतले पुनरावृत्तीवरून.

हा शब्द ज्या रस्त्याने जातो त्याच रस्त्यालगत गेल्या दीडशे वर्षांत पुनरावृत्तीचे आणि न थांबण्याचे इंग्रजी शब्द एकामागून एक येऊन बसले. रोटेशन, ऑटोमॅटिक, अप-डाऊन, शिफ्ट, ओव्हरटाइम, परमनंट, ब्रेक, बूस्टर, ट्वेंटी फोर बाय सेवन. रेल्वे, कालवा, कारखाना आणि संगणकाची कचेरी ही चारही या शब्दांची आगमनाची दारे हडपसरच्या पंचक्रोशीत थोड्या थोड्या अंतरावर आहेत. शब्दांचा इतिहास कोशांतून लिहिता येतो तसा तो एका गावातूनही लिहिता येतो. इथे दुसरा प्रयत्न केला आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. हे शब्द आले ते मराठीत शब्द नव्हते म्हणून, असे नाही. परत परत येणाऱ्या गोष्टींसाठी मराठीकडे शब्दांची चंगळ होती: फेरी, फेरा, खेप, पाळी, बारी, आवर्तन, पारायण, नेम, रतीब. न थांबणाऱ्यांसाठी अखंड, अहोरात्र, बारमाही, कायम. यांतले सगळेच काही घरचे नव्हेत. ‘रोज’ आणि ‘हप्ता’ फारसी. हप्ता म्हणजे मुळात सात दिवस, आठवडाच. ‘कायम’ आणि ‘रतीब’ अरबी. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. पण रोज, हप्ता, कायम हे शब्द जागचे हलले नाहीत. ते दरबाराचे नव्हते, बाजाराचे आणि चुलीपाशी बोलायचे होते. तेव्हा इंग्रजी शब्द आले ते शुद्ध, अस्पर्श भाषेत आले आणि त्यांनी तिला बाटवले, हे चित्र सोडून द्यावे लागते. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. कोणत्या कामापुरता जुना शब्द टिकला, कोणत्या कामासाठी नवा आला, आणि ते काम कोण ठरवत होते?

याचे सगळ्यांत जुने आणि सगळ्यांत बोलके उदाहरण म्हणजे पाण्याची पाळी.

कालव्याच्या आधी या भागातली बागायत विहिरीवर होती. विहीर भाऊबंदांत सामाईक असे आणि मोटेच्या पाण्याची वाटणी दिवसांवर होई. वाटणीपत्रात जमिनीच्या एकरांबरोबर विहिरीतला हिस्सा लिहिला जाई आणि त्या हिश्श्याची पाळी ठरे: आठवड्यातले दोन दिवस थोरल्याचे, दोन मधल्याचे, असे. संस्कृत ‘पालि’ म्हणजे ओळ, रांग. पाळीतही एक रांग गृहीत आहे, आणि रांगेतली माणसे एकमेकांना ओळखतात हेही. पाळी चुकवली तर भांडण होई. पण ते भांडण ज्याच्याशी करायचे तो बांधावर उभा असे. खानदेशातल्या पांझरा-मोसम नद्यांवरच्या फड पद्धतीत हीच गोष्ट गावभर पसरलेली दिसते. तिथे पाटकरी होता, बारेकरी होता, आणि ‘बारी’ होती. पाणी कोणाला कधी, हे गावच ठरवत असे.

खडकवासल्याचे धरण १८७०च्या दशकात बांधले गेले. कॅप्टन फाइफ या लष्करी अभियंत्याची ती कल्पना, म्हणून जलाशयाला ‘लेक फाइफ’ नाव पडले. धरणाच्या उजव्या तीरावरून निघालेला मुठा कालवा पुणे शहराला वळसा घालून हडपसर, मांजरीवरून पूर्वेकडे शंभर किलोमीटरहून अधिक गेला. १८७६-७८चा दुष्काळ याच काळातला, आणि मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा १८७९चा. त्या कायद्याने पाणी सरकारचे झाले. ते मागायचे तर अर्ज, द्यायचे तर मंजुरी, घेतले तर आकारणी. शेतकऱ्याच्या तोंडी तो ‘कॅनॉल’ झाला आणि आजही कॅनॉलच आहे. ‘कालवा’ हा शब्द जुनाच, पण तो कागदावर राहिला.

या पाण्यावरची मराठीतली पहिली मोठी तक्रार जोतीराव फुल्यांची. त्यांची मांजरीला शेती होती, आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनाखाली त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य अशी दिली होती. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी कालवा खात्यावर कोरडे ओढले. सरकार पाणीपट्टी वेळच्या वेळी घेते, मग पाणी वेळच्या वेळी का देत नाही? प्रत्येक शेतकऱ्याच्या जमिनीच्या मानाने हवे तेवढे पाणी मिळेल अशी तोटी का बसवत नाही? ही मागणी मला फार महत्त्वाची वाटते. फुले पाणी फुकट मागत नाहीत. ते मागतात मोजलेले आणि ठरल्या वेळी येणारे पाणी. म्हणजे पाळी मागतात. फरक इतकाच की ही पाळी आता भाऊबंदांकडे मागता येत नव्हती. ती खात्याकडे मागावी लागत होती, आणि खात्याचा माणूस बांधावर उभा नव्हता.

खात्याने या मागणीला आपल्या परीने उत्तर दिले ते विसाव्या शतकाच्या तोंडावर. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले होते. नीरा कालव्यावर त्यांनी ‘ब्लॉक’ पद्धत आणली: लाभक्षेत्राचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात ऊस किती आणि इतर पिके किती हे ठरवून द्यायचे, आणि पिकांची फेरपालट ठरावीक वर्षांनी करायची. ‘फेरपालट’ हा शब्द शेतकऱ्याचा स्वतःचा. आधीच्या पिकाचा पुढच्या पिकाला होणारा लाभ सांगायला त्याच्याकडे ‘बेवड’ हा तर त्याहूनही नेमका शब्द होता. त्यामुळे ब्लॉक आला तरी क्रॉप रोटेशन काही बोलीत उतरले नाही. तेच १९०३ साली खडकवासल्याच्या सांडव्यावर विश्वेश्वरय्यांनी बसवलेल्या दरवाजांचे उलटे झाले. पाणी ठरावीक पातळीपर्यंत चढले की ते आपोआप उघडत, उतरले की आपोआप मिटत. ‘आपोआप’ हा इतका सोपा शब्द हाताशी असताना लोकांनी ‘ऑटोमॅटिक’च उचलला. कारणही समजण्यासारखे आहे. आपोआप म्हणजे कोणी न करता. पाऊस आपोआप पडतो, गवत आपोआप उगवते. हे दरवाजे कोणीतरी मुद्दाम तसे केले होते.

पाण्याच्या वाटपासाठी खात्याने जी पद्धत रूढ केली तिचे नाव मात्र अस्सल मराठी आहे: शेजपाळी. चारीवर शेजारच्या शेतामागून शेजारचे शेत, असा पाण्याचा क्रम. बहुधा शेवटच्या टोकापासून सुरुवात करून वर यायचे, म्हणजे खालच्याचे पाणी वरच्याने पळवू नये. या शब्दात शेजारही आहे आणि पाळीही आहे. खात्याच्या छापील फॉर्मवर गावच्या बांधावरचा शब्द चढला, हे क्वचितच घडते. पण हा शब्द चारीपुरता. कालव्याला पाणी केव्हा सोडायचे, किती दिवस, उन्हाळ्यात एकदा की दोनदा, हे सगळे वर ठरते. आणि वर जे ठरते त्याला शेतकरी ‘रोटेशन’ म्हणतो. ‘रोटेशन सुटलं का?’, ‘या खेपेला रोटेशन लांबलं’, ‘टेलला पाणी पोचलंच नाही’. टेल म्हणजे कालव्याचे शेपूट; हेही इंग्रजी हवेली-दौंडच्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. एकाच पाण्याचे दोन शब्द झाले. शेजाऱ्याशी हिशेब असेल तिथे पाळी, कचेरीशी असेल तिथे रोटेशन. इतकी काटेकोर विभागणी कुणा भाषातज्ज्ञाने बसून केली असती तर आपण त्याला शाबासकी दिली असती.

वर्तमानपत्रांनी रोटेशनला ‘आवर्तन’ केले. ‘उन्हाळी आवर्तन’, ‘रब्बीचे दुसरे आवर्तन’ हे मथळे दर हंगामात दिसतात. आवर्तन हा शब्द पुण्याला नवा नाही. तबलजी तालाचे आवर्तन मोजतो आणि गणेशोत्सवात अथर्वशीर्षाची सहस्र आवर्तने होतात. तालाचे आवर्तन समेवर येणार म्हणजे येणारच. कालव्याचे येईल की नाही हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते, आणि त्या बैठकीत एका बाजूला पुणे शहराचे पिणे आणि दुसऱ्या बाजूला दौंड-इंदापूरचे पीक असते. (जाता जाता: लॅटिनमधले ‘रोटा’ म्हणजे चाक आणि आपला ‘रथ’ हे भाषाकुळाने सख्खे भाऊ आहेत. तेव्हा रोटेशनला अगदीच परका म्हणता येत नाही.)

‘बारमाही’चे नशीब निराळे. इंग्रजी अभियंत्यांनी मुठा कालव्याला ‘पेरेनियल’ म्हटले, म्हणजे वर्षभर पाणी देणारा. त्याला मराठीत बारमाही हा शब्द आयताच सापडला आणि पेरेनियल बोलीत कधी उतरलाच नाही. बारमाही पाण्यावर ऊस उभा राहिला. कालव्याच्या पाण्याने ऊस कसा करायचा हे शिकलेले सासवडचे माळी शेतकरी पुढे नव्या कालव्यांकडे नगर-सोलापूरकडे सरकले, आणि १९३०च्या दशकात त्यांनी अकलूजजवळ माळीनगरचा साखर कारखाना काढला. मांजरीला सरकारी शेतीवर उसाचे प्रयोग झाले, आज तिथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. मग १९८०च्या दशकात पाणी सर्वांना पुरवायचे म्हणून राज्याने नव्या प्रकल्पांसाठी वेगळे धोरण धरले आणि त्याला नाव मिळाले ‘आठमाही’. हा शब्द मला नेहमी थोडा करुण वाटतो. बारमाहीच्या साच्यात तो ओतला आहे. पण बारमाही म्हणजे अखंड, आणि आठमाही म्हणजे चार महिने काही नाही. जे तुटते त्याला न तुटणाऱ्याचा प्रत्यय लावला आहे.

रेल्वेची गोष्ट थोडक्यात सांगता येते. १८५८ साली मुंबईकडून गाडी पुण्याला आली आणि दोनेक वर्षांत रूळ सोलापूरला भिडले. या मार्गावर मुंबईकडे जाणारी गाडी ‘अप’ आणि मुंबईपासून लांब जाणारी ‘डाऊन’. ही कंपनीची आतली खूण. दौंड, उरुळी, लोणीहून रोज पुण्याला कामाला येणाऱ्यांनी तिचे क्रियापद केले: ‘मी अपडाऊन करतो.’ इंग्रजाला हे वाक्य कळणार नाही. रोज जाणे, रोज येणे, त्यातली दमछाक, महिन्याचा पास, ठरलेला डबा आणि डब्यातली ठरलेली माणसे, हे सगळे या एका शब्दात मावते. ‘ये-जा’ म्हटले की ते मावत नाही. रेल्वेनेच आणलेल्या टाइमटेबलला मात्र ‘वेळापत्रक’ हा प्रतिशब्द मिळाला आणि तो चक्क चालला. जे वाचायचे असते त्याचे भाषांतर टिकते आणि जे रोज करायचे असते त्याचे टिकत नाही, असा एक ढोबळ नियम मांडायचा मोह होतो. दैनिक, साप्ताहिक, मासिक, त्रैमासिक हे शब्द याच नियमाने तगले. ‘पीरिऑडिकल’ला ‘नियतकालिक’ म्हणणारा वाचक, तुम्ही-आम्ही, ते वाचनापुरतेच म्हणतो. त्याच वाचकाच्या घरातला दुधाचा रतीब आता ‘सबस्क्रिप्शन’ झाला आहे.

कारखान्यात आल्यावर ‘पाळी’ आणि ‘शिफ्ट’ समोरासमोर येतात. इथे थोडे मागे, मुंबईला जायला हवे.

मुंबईच्या गिरण्यांत सुरुवातीला कामाचे तास सूर्यावर होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या वतीने ज्या मागण्या पुढे केल्या, त्यांत रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे हेही होते. रविवार मिळाला तो १८९०च्या जूनमध्ये. पण सूर्यास्ताची मर्यादा विजेच्या दिव्यांनी पुसली. १९०५च्या सुमारास गिरण्यांत वीज आली तसे दिवसाला चौदा-पंधरा तास काम चालू लागले, आणि १९११च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांचे तास बारावर आणले गेले. पुढे यंत्र थांबवायचे नाही आणि माणूस मात्र बदलायचा, ही व्यवस्था आली तेव्हा कोकण-घाटावरून आलेल्या गिरणी कामगाराने तिला गावाकडचाच शब्द दिला. दिवसपाळी आणि रातपाळी. वेळ सांगणाऱ्या कर्ण्यालाही त्याने ‘भोंगा’ म्हटले. विहिरीवरची पाळी गिरणीच्या फाटकात अशी शिरली.

हडपसरला ते घडले नाही. किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ सालची, शेजारच्या मुंढव्यातली भारत फोर्ज १९६१ची, सिरम इन्स्टिट्यूट १९६६ची. म्हणजे हडपसरचा कामगार हा स्वातंत्र्यानंतरचा कामगार. तो ‘फर्स्ट शिफ्ट’, ‘सेकंड शिफ्ट’, ‘थर्ड शिफ्ट’ आणि ‘जनरल’ असेच म्हणू लागला. रातपाळी त्याला कळत होती, पण ती कादंबरीतली. माझा तर्क असा की गिरणी कामगाराची भरती जॉबरमार्फत, गावकीच्या ओळखीवर झाली, तर अभियांत्रिकी कारखान्यातला मुलगा आयटीआयचा दाखला घेऊन आला. त्याच्या हजेरीचे कार्ड छापील होते, यंत्रावरच्या सूचना छापील होत्या आणि सुपरवायझर त्याचा गाववाला नव्हता. वीज वाचवण्यासाठी पुण्याच्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारवर गेली, तेव्हा त्या दिवसालाही त्याने ‘स्टॅगरिंग’ म्हटले. लोखंड्यांनी झगडून मिळवलेला रविवार हडपसरच्या कामगाराला असा गुरुवारी भेटत होता.

‘शिफ्ट’ या शब्दाचे कूळ पाहिले तर गंमत आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वाटून देणे, विभागणे असा होता. पुढे तो हलवणे-बदलणे या अर्थाला आला, आणि एकोणिसाव्या शतकात कोळशाच्या खाणींतून कामगारांच्या तुकडीच्या वेळेला चिकटला. म्हणजे मुळात तोही पाळीचाच सगोत्र. पण मराठीत तो आला तो दोन वेगळ्या दारांनी. ‘मी सेकंड शिफ्टला आहे’ हे एक आणि ‘आम्ही मागच्या वर्षी हडपसरला शिफ्ट झालो’ हे दुसरे. दोन्ही वाक्ये या उपनगरात दिवसातून हजारदा उच्चारली जात असतील. दोन्हींत माणूस सरकतो आणि ज्याच्यामुळे सरकतो ते जागेवर राहते.

इकडे ‘पाळी’चे काय झाले? तिचा एक अर्थ फार जुना आणि घरातला, महिन्याचा. ‘मासिक पाळी’ हा शाळेच्या पुस्तकातला शब्दप्रयोग जसा पसरला तसे रांगेत उभे राहून ‘माझी पाळी कधी येणार’ असे म्हणणे, विशेषतः बायकांना, अवघड झाले असावे. आज दवाखान्यात, रेशनच्या दुकानात आपण ‘नंबर’ विचारतो. आणि नवल असे की त्या महिन्याच्या अर्थातूनही शब्द हलला. तिथे ‘पिरियड्स’ किंवा नुसती ‘डेट’ आली. पाळीकडे आता उरला तो एक वाक्प्रचार: ‘हात पसरण्याची पाळी आली’, ‘घर विकायची पाळी आली’. हक्काने येणारी वेळ सांगणारा शब्द नाइलाजाने येणारी वेळ सांगू लागला.

बायकांच्या रातपाळीचा इतिहास कायद्यात आहे. १९४८च्या कारखाना अधिनियमाच्या ६६व्या कलमाने स्त्रियांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा कारखान्यात काम करायला मनाई केली. महाराष्ट्राने २०१५ साली दुरुस्ती करून सुरक्षिततेच्या अटींवर ती उठवली. तोवर मगरपट्ट्यातल्या कचेऱ्यांत मुली वेगळ्या परवानगीने रात्रभर काम करतच होत्या, परदेशातल्या दिवसाशी आपली रात्र जुळवून. त्या कामाला रातपाळी म्हणताना मी कुणाला ऐकलेले नाही. ती ‘नाइट शिफ्ट’.

आता त्या शब्दाकडे येतो ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. कालव्याच्या पाण्याला लावलेला, आणि बोलीने न उचललेला, ‘पेरेनियल’.

कंत्राटी कामगारांसाठी १९७० साली केंद्राने कायदा केला. एखाद्या कामावर कंत्राटी मजूर ठेवायला बंदी घालावी का, हे ठरवताना सरकारने काय पाहावे याच्या कसोट्या त्याच्या दहाव्या कलमात दिल्या होत्या. त्यांतली एक अशी की ते काम ‘पेरेनियल’ स्वरूपाचे आहे का. उजव्या कालव्याच्या पाण्याला जी संज्ञा लावली तीच शंभर वर्षांनी त्या कालव्याकाठी उभ्या राहिलेल्या कारखान्यांतल्या श्रमाला लावली गेली. मराठीत कामगार संघटनांनी तिला पुन्हा ‘बारमाही’ केले: ‘बारमाही स्वरूपाचे काम, म्हणून कायम कामगार’. ही मागणी तर्काने चोख आहे. काम थांबत नसेल तर ते करणारा दर काही महिन्यांनी का थांबावा?

तो थांबतो, कारण एक आकडा आहे: २४०. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की कायद्याच्या लेखी ती एका वर्षाची अखंड सेवा ठरते, आणि सेवा अखंड ठरली की हक्क सुरू होतात. म्हणून २४० भरायच्या आत ‘ब्रेक’ दिला जातो. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात हा शब्द घरोघरी माहीत आहे. ‘त्याला ब्रेक दिलाय’ म्हणजे काढलेले नाही, पण ठेवलेलेही नाही. लग्नाच्या बोलणीत ‘मुलगा परमनंट आहे का?’ हा प्रश्न जमिनीच्या प्रश्नाच्या आधी आला, तो याचमुळे. ‘कायम’ हा अरबी शब्द तीन-चारशे वर्षे मराठीत होता, पण कायम म्हटल्याने मुलीच्या बापाचे समाधान होत नव्हते. ‘परमनंट’मागे एक पत्र होते, त्यावर शिक्का होता.

शब्दांची वाहतूक एकाच दिशेने झाली असे मात्र नाही. अनुपस्थित कामगाराच्या जागी रोजच्या रोज घेतला जाणारा तो ‘बदली’. हा मुंबईच्या गिरणी फाटकावरचा शब्द इंग्रजी अहवालांत गेला आणि तिथून कायद्यात. महाराष्ट्राच्या १९७१च्या कामगार संघ मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, कामगारांना कायमपणाच्या हक्कापासून दूर ठेवण्याच्या हेतूने वर्षानुवर्षे ‘बदली’, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून ठेवणे ही अनुचित प्रथा ठरवली आहे. इंग्रजी मसुद्यात ‘बदली’ला इंग्रजी अनेकवचनाचा प्रत्यय लावून तो शब्द जसाच्या तसा बसवला आहे. मराठी कामगाराने इंग्रजी कायद्याला दिलेला हा शब्द असुरक्षिततेचा असावा, यात आश्चर्य वाटत नाही.

२०२०च्या कामगार संहितेत कंत्राटी श्रमाची ही कसोटी बदलली. काम बारमाही आहे का, हा प्रश्न मागे पडला आणि ते ‘कोअर’ आहे का, हा प्रश्न आला. कोअर म्हणजे गाभा. कारखान्याची झाडलोट, पहारा, उपाहारगृह ही कामे वर्षाचे ३६५ दिवस चालतात. पण ती सहसा गाभ्यात बसत नाहीत. काळाचा शब्द गेला, जागेचा आला. हा बदल कामगाराच्या हिताचा की अहिताचा यावर न्यायालयांत वाद होत राहतील. मला एवढेच म्हणायचे आहे की ‘बारमाही’ हा शब्द झाडू मारणाऱ्या बाईला कळत होता आणि तिच्या बाजूने बोलत होता.

ज्या शेतांना कालव्याने बारमाही केले त्यांतल्याच सुमारे ४०० एकरांवर मगरपट्टा सिटी उभी आहे. २००० साली काम सुरू झाले. सतीश मगर यांच्या पुढाकाराने सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी जमिनी परक्या बिल्डरला न विकता एकत्र आणल्या आणि ती भागधारक झाली. शेतीतले आवर्तन संपले आणि भाड्याचे सुरू झाले, महिन्याच्या महिन्याला. समोरच्या इमारतीत राहणाऱ्याचा ‘ईएमआय’ही महिन्याच्या महिन्यालाच. हप्ता म्हणायला लोक कचरतात, कारण मधल्या काळात हप्ता गुंडाने वसूल करायचा झाला. साथीच्या दिवसांत याच परिसरातून लस देशभर गेली; २०२१च्या १२ जानेवारीला कोव्हिशील्डचा पहिला साठा इथून निघाला. वर्षभराने तिसऱ्या टोचणीची वेळ आली तेव्हा सरकारने तिला खबरदारीची मात्रा म्हटले, वर्तमानपत्रांनी ‘वर्धक मात्रा’, आणि लोक ‘बूस्टर’ घेऊन आले.

आणि पाणी. पुणे महापालिकेची जी समान पाणीपुरवठा योजना आहे तिला सगळे ‘ट्वेंटी फोर बाय सेवन’ म्हणून ओळखतात. अहोरात्र, अखंड, चोवीस तास, यांतला कुठलाही शब्द चालला असता. पण मला वाटते इथे लोकांनी इंग्रजी उचलला तो थोडा अंतर राखण्यासाठीच. ‘अखंड’ म्हटले की नामसप्ताहाची वीणा आठवते. ती पहारेकऱ्यांच्या पाळ्या लावून खरोखरच खाली ठेवली जात नाही. नळाच्या बाबतीत एवढी हमी घ्यायची कुणाची तयारी नाही. हडपसरच्या अनेक वस्त्यांत पाण्याची वेळ ठरलेली आहे आणि टँकरचा ‘नंबर’ लावावा लागतो. दौंडचा शेतकरी रोटेशनची वाट पाहतो आणि हडपसरची गृहिणी नळाची, दोघांचे धरण एकच.

नवा मुठा उजवा कालवा झाल्यावर जुन्या कालव्याला ‘बेबी कालवा’ हे नाव पडले. फाइफच्या योजनेतला हा थोरला कालवा म्हातारपणी बेबी झाला. मुंढव्याला जॅकवेल बांधून शहराचे सांडपाणी, प्रक्रिया करून, त्यात उपसले जाते आणि हवेली-दौंडच्या शेतांना दिले जाते. खडकवासल्याचे पाणी पुण्याच्या घरांत एकदा वापरून झाले की त्याची दुसरी खेप अशी निघते. सरकारी कागदावर हा ‘पुनर्वापर’, प्रकल्पाच्या सादरीकरणात ‘रिसायकल’. काठावरचे शेतकरी यांतला एकही शब्द वापरत नाहीत. ते ‘जॅकवेलचं पाणी’ म्हणतात, आणि आज ते काळे आले की बरे आले हे चारीवर जाऊन बघतात.